अकराला भरती आहे

२ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार पोचला असं समज. खरोखर वाकले तर काउंटरच्या मागे दिसेनाशी होईन आणि गिऱ्हाईक दुकान रिकामं आहे समजून परत जाईल.

बातमी अशी आहे की बसून वाच. काल जेवताना हे म्हणाले, "यंदा सुट्टीला कुठे जायचं ते तू ठरव." माझ्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. सासूबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं, म्हणजे नीट ऐकलं. सतरा वर्षं गं ताई! सतरा वर्षं आम्ही त्याच डोंगरावर, त्याच विश्रामगृहात, यांच्या त्याच मामेभावांबरोबर जातोय. खोलीही तीच, चार नंबरची, जिच्या न्हाणीघराची कडी लागत नाही. एका पायाने दार दाबून अंघोळ करायची कला मला अवगत आहे. दरवर्षी मी म्हणते, एकदा समुद्र बघू या. दरवर्षी हे म्हणतात, बघू. यंदा लेक शिकायला बाहेर गेली आणि मोठ्या मामेभावाचा गुडघा बदललाय, तेव्हा डोंगर चढणार कोण? म्हणून माझ्यावर कृपा झाली. कारण काही का असेना, मिळालंय ते पदरात पाडून घ्यावं.

पण मला धास्ती बसलीय. हे एकदाच मिळालंय. मी जागा निवडली आणि ती फसली, तर पुढची सतरा वर्षं "तुलाच ठरवायला दिलं होतं ना" हे ऐकावं लागेल. यावेळी मला चुकायचं नाही.

तू बंदराच्या कचेरीत बसतेस, सगळा किनारा तुला तोंडपाठ. गावं सांग, बेटं सांग. बेटं आधी सांग. फोन मात्र करू नकोस. फोन बैठकीत आहे आणि बैठकीत सासूबाई आहेत. पत्राचं तसं नाही. दुसऱ्याचं पत्र या घरात कुणी फोडत नाही, एवढा गुण आहे.

मला काय झालंय कळत नाही. चष्म्याच्या दुकानात बसवतच नाही. दिवसातून दहादा उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन काचा पुसत बसते. हे विचारतात, "काय बघतेस?" मी म्हणते, "ऊन."

लवकर लिही.

तुझी चिंगी

८ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला शाई लागते.

चष्मेवाल्यांना हे शहाणपण सुचलं याचं मला इतकं नवल वाटलं की साहेबांनी दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही. बावीस वर्षं मी भरती-ओहोटीची कोष्टकं करतेय, कुठल्या बंदरात किती वाजता पाणी चढेल आणि किती वाजता उतरेल, आणि आजवर एका माणसाने मला विचारलं नाही की बाई, जायचं कुठे? तू विचारलंस. आता ऐक.

लांब वाळूचं एक गाव आहे, सगळे तिथेच जातात. जाऊ नकोस. किनाऱ्यावर माणसं इतकी की समुद्र बघायला नंबर लावावा लागतो. त्याच्या खाली दोन तासांवर धक्क्याचं गाव, मला आवडतं. निळ्या-पिवळ्या होड्या, धक्क्यालगत स्वच्छ खोल्या, मालकीणबाई तोंडाची फटकळ पण चादरी रोज बदलते. सासूबाईंना सपाट रस्ता मिळेल. माझं मत त्यालाच.

बेटं म्हणशील तर चार आहेत. दोन नुसते खडक. एकावर श्रीमंतांचे बंगले. चौथ्यावर काही म्हणजे काही नाही. साडेतीनशे माणसं, एक शाळा, एक वाणी. बोट मंगळवारी आणि शनिवारी, तीही भरती असेल तरच धक्क्याला लागते. ओहोटी असली की गुडघाभर पाण्यात उतरा आणि चपला हातात घ्या. दवाखान्याला तीन वर्षं कुलूप आहे म्हटलं तरी चालेल, डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतो आणि परिचारिका म्हणून जी पाठवतात ती महिन्यात पळते. ते नाव डोक्यातून काढ.

आणि हे बघ, मीही येणार. माझी आठ दिवसांची रजा शिल्लक आहे. आई गेल्यापासून आपण दोघी एका खोलीत झोपलोच नाही. तू, मी, आणि पहाटेपर्यंत गप्पा. चष्मेवाल्यांना झोपू दे शेजारच्या खोलीत.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

तू येतेस हे वाचून दुकानातच नाचले. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, मुंग्या आल्या पायाला.

धक्क्याचं गाव छान असेल, असू दे. मला त्या चौथ्या बेटाबद्दल सांग. वादळी महिन्यांत बोट किती दिवस बंद असते? पिण्याचं पाणी विहिरीचं की टाकीचं? भाड्याने खोली मिळते का, दवाखान्यालाच राहायची जागा जोडलेली आहे का? औषधं कोण आणतं? बायका बाळंतपणाला कुठे जातात? आणि त्या परिचारिका पळून का जातात? काम झेपत नाही म्हणून, की करमत नाही म्हणून? हे नीट विचारून सांग, दोन्हींत फरक आहे.

घाईत आहे. एक आजोबा आलेत, त्यांना वाचायचा चष्मा हवाय पण अक्षरं वाचून दाखवत नाहीत. म्हणतात, मला पाठ आहेत.

चिंगी

२० फेब्रुवारी

चिंगे,

तू सुट्टीला निघालीस की जनगणनेला?

मी धक्क्याच्या गावाची खोली बोलून ठेवली, खिडकीची, आणि तू विचारतेस बायका बाळंत कुठे होतात! कोण बाळंत होणार आहे, सासूबाई? आठ दिवसांच्या सुट्टीत वादळी महिन्यांतली बोट कशाला हवी तुला? तुझं लहानपणापासून हे असंच. आईने दोन फ्रॉक पुढे ठेवले की तुला तिसरा हवा, जो दुकानातच आहे.

तरी विचारलं, कारण मी गाढव आहे. बोटीचा तांडेल माझ्याकडे कोष्टक न्यायला येतो, त्याला धरलं. वादळात बोट तीन-तीन आठवडे बंद. पाणी विहिरीचं, गोड आहे. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या आहेत, एकीचं छप्पर गळतं. बायका होडीतून इकडे येतात बाळंतपणाला, कधी पोचतात, कधी होडीतच. परिचारिका का पळतात? तांडेल म्हणाला, "पोरी वयाने लहान असतात हो. त्यांना आणखी कुठेतरी जायचं असतं."

झालं समाधान? आता मी ९ ते १६ मार्च धरतेय. रजेचा अर्ज टाकला. मधल्या एखाद्या बोटीच्या दिवशी तुझ्या लाडक्या बेटावर जाऊन येऊ, म्हणजे तुझी खाज मिटेल. लगेच हो म्हण, मालकीणबाई थांबणारी नाही.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

९ ला नाही जमणार. अकराला सकाळी सातला भरती आहे. त्यानंतर कधीही चालेल, म्हणजे चालेल असं वाटतं. खोली थोडी पुढे ढकलता येईल का? रागावू नकोस. माझं जेवण-झोप सगळं बिघडलंय, सासूबाई दर तासाला विचारतात की चेहरा असा का. दोन ओळींतच आटपते.

चिंगी

४ मार्च

चिंगे,

धन्य आहेस! बावीस वर्षं कोष्टकं मी करायची आणि भरतीची वेळ मला तू सांगायची? कुठल्या रद्दीत बघितलंस? अकराला सकाळी सातला भरती नाही, चक्क ओहोटी आहे. पाणी तळाला. मी बाराच्या बारा बंदरं तपासली, एकातही नाही. आणि भरती आहे म्हणून नको? अगं, भरतीलाच तर बोट धक्क्याला लागते!

तुझ्यापुढे कोष्टक म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ९ तारीख कायम आहे. मालकीणबाईंना मी शब्द दिलाय.

ताई

८ मार्च

चिंगे, माझ्या सोन्या,

चार दिवसांपूर्वी ते पत्र टाकलं आणि घरी येऊन तुझं पुन्हा वाचलं. जेवण-झोप बिघडलीय. चेहरा असा का. "चालेल असं वाटतं." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पाण्याला सोडून भरती आणखी कुणाला असते. त्या बेटावर दवाखाना आहे का, डॉक्टर केव्हा येतो, हे तू कशासाठी विचारत होतीस तेही कळलं. मी मेली, तुला जनगणना म्हणून हसले!

आपली आई अशीच गेली. "जरा जाऊन येते" म्हणाली, मला वाटलं बाजारात, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. तिचंच रक्त तुझ्यात. आपल्या घरात दुखणं सांगायची लाज आणि सुखाची बढाई!

माझ्याने राहवलं नाही. तुझ्या शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. चार जणांनी एकमेकांकडे ढकलल्यावर एक कारकून भेटला. म्हटलं, अकराला भरती आहे का? तो म्हणाला, आहे, सकाळी सातला. तुझं नाव सांगितलं. कागद चाळून म्हणाला, "आहेत यादीत. सात नंबर." विचारलं, सोबत कुणी यायला हवं का? "सोबत कुणी नको, गर्दी होते. दोन फोटो आणा म्हणावं." फोटो कशाला ते मी विचारलं नाही, हल्ली सगळीकडे लागतात. मग धीर करून विचारलं, किती दिवस ठेवतील? तर तो मेला शांतपणे म्हणतो, "आधी दोन वर्षं. मग पुढे वाढवतात."

दोन वर्षं! असा कुठला आजार गं?

आता ऐक आणि मला शिव्या दे. मी लगेच दुकानात फोन केला. तू नव्हतीस, बँकेत गेली होतीस. चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मला बोलली नाही ती." एवढंच. त्यांना बजावलंय की तुला कळू देऊ नका, अकराला गुपचूप मागून जा. हे पत्र तुला पोचेपर्यंत अकरा तारीख उलटलेली असेल, म्हणून लिहितेय.

मीही निघाले असते, पण वर्षाची कोष्टकं अचानक छापायला काढलीत, साहेबांनी माझी रजाही रद्द केली. देवाशपथ सांगते, मला ती सुट्टी नको, समुद्र नको, काही नको. तू फक्त बरी हो.

ताई

१३ मार्च

ताई,

मी ठणठणीत आहे. हे आधी लिहिलं, कारण तू पत्र हातात धरून कुठेतरी उभी असशील. बस.

भरती नोकरीची होती. परिचारिकांची, किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या दवाखान्यांसाठी. वयाची अट पंचेचाळीस, आणि माझी पंचेचाळिशी या महिनाअखेर भरते. जाहिरात जानेवारीतच कापून चष्म्याच्या डबीत ठेवली होती. लग्नाआधी तीन वर्षं शिकले, दोन वर्षं वॉर्डात काढली, ते तू विसरली असशील, मी नाही. सतरा वर्षं दरवर्षी परिचारिकेची नोंदणी चालू ठेवली, एकदाही चुकवली नाही. यांनी "तू ठरव" म्हटलं तेव्हा ते आठ दिवसांचं बोलत होते, आणि माझ्या मनात भलतंच होतं.

तुला का नाही सांगितलं? रागावू नकोस. दहा वर्षांपूर्वी प्रसूतिगृहात जागा मिळत होती, आठवतं? तू आनंदाने फोन केलास आणि उचलला सासूबाईंनी. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ताई. तरी यावेळी "भरती आहे" असं तुला लिहिलं. चुकून लिहिलं की तुला कळावं म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही.

आणि तू ध चा मा केलास!

आता अकराचं ऐक. सकाळी सात. लांबलचक व्हरांडा, आम्ही एकेचाळीस जणी. बाकीच्या सगळ्या पंचविशीतल्या. एकीने मला जागा दिली, म्हणाली, "काकू, मुलीला सोडायला आलात?" तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला हे. एका हातात उशी, दुसऱ्या हातात थर्मास, खांद्यावर माझी शाल. भर कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवून, जे यांचे वडील गेले तेव्हा तीनच दिवस बंद होतं. शिपायाला विचारत होते, "भरती कुठे आहे?" शिपायाने बोट केलं थेट माझ्या रांगेकडे.

जवळ आले. डोळे लाल. म्हणाले, "कुठे दुखतंय?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

"मग?"

"नोकरी," म्हटलं.

त्यांनी रांगेकडे बघितलं, पोरींच्या हातातल्या फायलींकडे बघितलं, माझ्या फाइलीकडे बघितलं. मग बाकावर बसले, उशी मांडीवर घेऊन. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की वाटलं, फाईल टाकावी आणि घरी चालू पडावं. पाय उचललाही होता, खरंच सांगते. तेवढ्यात आत बोलावलं.

आत शीर शोधून रक्त काढून दाखवायचं होतं. त्यासाठी एक रबरी हात ठेवला होता, तो टोचून टोचून गळायला लागलेला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, जोड्या करा, एकमेकींचं काढा. पोरींनी पटापट मैत्रिणी धरल्या. एकेचाळीसांत मी एकटी उरले. सिस्टर म्हणाल्या, "तुमचं कसं करायचं?" तर शिपाई म्हणतो, "बाहेर एक जण उशी घेऊन बसलेत, ते चालतील का?"

आणि हे आले, ताई! रक्त बघून यांना घेरी येते, दाढी करताना कापलं तरी आडवे होतात. बाही वर केली. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, तो वाचायला लागले, वरून खाली, ओठ हलवत. मी पट्टा बांधला. सतरा वर्षं या हातात मी चहाचा कप देतेय, आणि त्याची शीर कुठून जाते ते मला त्या दिवशी दिसलं. एका टोचणीत रक्त आलं.

हे तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर होते. म्हणाले, "झालं?" त्यांना टोचलेलं कळलंच नव्हतं. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

नंतर भरतीच्या साहेबांनी विचारलं, नेमणूक कुठे हवी? सगळ्या शहराजवळ मागतात. मी तुझं चौथं बेट सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय का ते?" म्हटलं, "नाही. पण मला सगळं माहीत आहे." ती सगळी माहिती तूच पुरवलीस.

घरी येताना बसमध्येही उशी यांच्या मांडीवरच होती. थर्मासमधला चहा तसाच. दारात आल्यावर म्हणाले, "मी सुट्टीला कुठे जायचं ते विचारलं होतं. तू घरच बदलायला निघालीस." मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणणार? खरं होतं ते. आज दोन दिवस झाले, हे माझ्याशी फक्त काचांच्या नंबरांबद्दल बोलतात. जीव टांगणीला लागलाय. यादी महिनाअखेर लागेल.

चिंगी

१८ मार्च

चिंगे,

तुझं पत्र कचेरीत फोडलं. आधी हसले, मग रडले. साहेब धावत आले, "काय झालं? कोण गेलं?" मी हुंदक्यात म्हटलं, "बहीण जातेय." ते बिचारे हात जोडून उभे राहिले. खुलासा करता करता नाकी नऊ आले.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे कबूल. पण माझं तोंड बंद असतं तर तुला तो हात कुठून मिळाला असता? तेवढं श्रेय मी घेणार.

आता मनातलं सांगते, ठेवून घेत नाही. तू मला सांगितलं नाहीस ते लागलं. तिळाचं म्हणतेस ते खरं आहे, म्हणून जास्त लागलं. आठ दिवस तुझ्याजवळ झोपायला मिळेल म्हणून मी नवी चादर घेतली होती, मूर्खासारखी. खोली रद्द केली. मालकीणबाईने मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण ऐक. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी केव्हा सुटतील ते लिहून देत आले, स्वतः एकीत बसले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, तरी नाही. यादीत नाव आलं तर जा. चष्मेवाले बोलोत न बोलोत. हा आशीर्वाद नाही, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे.

ताई

१ एप्रिल

ताई,

झाली! एप्रिल फूल नव्हे, देवाशपथ. दोन वर्षं, बेटावर, १५ मे ला हजर व्हायचं.

यांना कागद दाखवला. चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला, परत दिला. सासूबाई मात्र बोलल्या. मला वाटलं आता आकाश कोसळणार. म्हणाल्या, "जातेस तर जा, पण माझं ब्लडप्रेशर बघायला याला शिकवून जा, हा नुसता डोळ्यांत बघतो." तेव्हापासून हे रोज संध्याकाळी आईच्या दंडाला पट्टा बांधायला शिकतायत. माझ्याकडे न बघता शिकतायत. सासूबाईंचा दंड काळानिळा झालाय, पण तक्रार नाही.

चिंगी

२४ जून

ताई,

उशिरा लिहितेय. बोट दोन आठवडे बंद होती, तुझ्या तांडेलाने सांगितलंच असेल.

करमतंय का म्हणून विचारलंस. पहिला आठवडा करमलं नाही. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली गंजलेली, आतल्या निम्म्या बाटल्यांवर तारीख कधीची उलटून गेलेली. लोक येऊन दारातूनच बघून जायचे. एक आजी तर तोंडावर म्हणाली, "तू किती दिवस?" मग एका कोळ्याच्या तळहातात गळ रुतला, तो काढला. दुसऱ्या दिवशी सात जण आले, त्यातल्या पाच जणांना काहीच झालेलं नव्हतं. गेल्या मंगळवारी माझ्या हातावर एक मुलगी जन्मली, होडीत नाही, दवाखान्यात, कोरड्या जागी. मी घरी येऊन ढसाढसा रडले. सुखाने रडले, तुला वेगळं सांगायला नको.

पण पायाची भिंगरी थांबली नाही अजून. काम संपलं की धक्क्यावर जाते, परत येते, पुन्हा जाते. कुणी विचारत नाही काय बघतेस. ते विचारणारं कुणी नाही, हे चांगलं की वाईट, ते ठरत नाही.

आणि आता गाठ पडलीय ती अशी. शनिवारच्या बोटीने यांचं पत्र आलं. लग्नाला अठरावं वर्ष, आणि हे त्यांचं मला पहिलं पत्र. दुकानाच्या पावतीच्या मागे लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"आईचं ब्लडप्रेशर ठीक. दुकान ठीक. लेक सुट्टीत येऊन गेली, तुझ्याकडे येईल म्हणते. मामेभाऊ डोंगरावर चल म्हणत होता, मी नाही म्हटलं. आठ दिवस तिकडे यावं असा विचार आहे. मला समुद्राची माहिती नाही. येऊ का ते कळव."

तीन दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरतेय. मला भीती वाटते, ताई. ते मला न्यायला येतायत असं वाटतं. एक शब्द ओरडणार नाहीत, नुसते त्या गळक्या खोलीत बसून राहतील, उशी मांडीवर घेऊन बसले होते तसे, आणि मीच आपणहून सामान बांधेन. माझा माझ्यावर भरवसा नाही. आणि ते येऊ नयेत असंही नाही. "येऊ का" हे दोन शब्द किती वेळा वाचले ते मोजलेलं नाही. मला ते इथे हवे आहेत, आणि मला परत जायचं नाही. दोन्ही खरं आहे. एकाला हो म्हटलं म्हणून दुसरं का सोडावं? हे तुला विचारणार होते, पण तुझं उत्तर येईपर्यंत पुन्हा वादळ येईल. शिवाय यावेळी ठरवायचं माझं मलाच होतं.

आज बोट सुटायच्या आत उत्तर टाकलं. त्यात काय लिहिलं ते तुलाही सांगते, म्हणजे कुणाचा काही गैरसमज नको:

"पुढच्या शनिवारच्या बोटीने या. मला रजा नाही, पण पाचनंतर मी मोकळी असते. परतीचं तिकीट तिथूनच काढून आणा. एकाचं."

चिंगी